जोखाईचं आळं

डोहगावच्या डांगरवाडीत त्या वर्षी फळ धरलं, पण फुगेना. लिंबाएवढं झालं, पेरूएवढं झालं आणि तिथंच अडून बसलं. सकाळी वेल टवटवीत दिसायचे. ऊन चढलं की पानं मिटायची आणि वाळूवर मान टाकायची.

सरवणी नदीच्या पात्रात भोई लोक पिढ्यान्‌पिढ्या डांगरवाडी लावत आले. हिवाळ्यात पात्र उघडं पडलं की वाळूत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत भरायचं, टरबूज-खरबुजाचं बी टोचायचं आणि प्रत्येक बुंध्याभोवती आळं करायचं. बाकी काम वाळूखालची ओल करते.

चंद्रकलाने गुडघे टेकून वाळूत हात खुपसला. ओल मनगटाला लागायला हवी होती. हात कोपरापर्यंत गेला तरी वाळू कोरडीच होती, चुलीतल्या राखेसारखी कोमट.

"लागली का गं?" पलीकडच्या वाडीतून लंकाबाईने विचारलं. लंकाबाई गावाच्या पाणी संस्थेची अध्यक्ष. वयाने थोर आणि जिभेने त्याहून थोर.

"न्हाई काकू."

"कशी लागंल? तुझ्या माहेरानं वरच्या वर पिऊन टाकली. त्यांच्या विहिरी बघ कशा डबडबल्यात. आन्‌ आमचा हापसा दम लागल्यागत खोकतोय."

चंद्रकलाने हाताची वाळू झटकली. तिचं माहेर सावरखेडी, नदीच्या वरच्या अंगाला, चालत गेलं तर न्याहारीपासून जेवणापर्यंतच्या अंतरावर. लग्न होऊन तिला डोहगावात इतकी वर्षं झाली की सुना आल्या, नातवंडं आली. तरी पाऊस कमी झाला की ती पुन्हा सावरखेडीची लेक व्हायची.

"जोखाई काय म्हणती आज?" लंकाबाईने विचारलं.

चंद्रकलाने कमरेचा फोन काढून बोट टेकवलं. रोजचाच आवाज आला, गोड आणि शांत. "डोहगाव, तुमचं पाणी वाटेवर आहे. धीर धरावा."

"वाटंवर हाय म्हणं! वरातीला निघालंय का? ठेव तो फोन."

या जोखाईची हकिगत सांगायला हवी.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरवणी धरणात पाणी होतं, पण ते लोकांच्या आधी उन्हाने प्यायलं. उघड्या पाण्यावर ऊन पडतं, वारा वाहतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. कालव्याने सोडलं तर कालवा पितो. नदीत एकदम सोडलं तर डांगरवाड्या वाहून जातात आणि उरलेलं पाणी पुढं पळतं. त्यानंतर अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. पाणी धरणात साठवून ठेवण्याऐवजी थोडं थोडं सोडून नदीच्या वाळूतच मुरवायचं. वाळूखालचं पाणी उन्हाला दिसत नाही. विहिरींना, हापशांना, वेलांना ते आतूनच मिळतं.

अडचण एकच होती. वाळूखाली पाणी किती आहे हे कळणार कसं? त्यासाठी गावोगावी नदीच्या पात्रात माणसाच्या उंचीचे खांब उभे राहिले. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढत असते. डोंगर ओढतो, पाणी ओढतं, माणूससुद्धा ओढतं. ती ओढ इतकी नाजूक असते की आपल्याला जाणवत नाही. खांबाच्या पोटात अतिशय गार केलेल्या अणूंचा एक इवला ढग पुन्हा पुन्हा खाली सोडला जायचा. खालच्या वाळूत पाणी जास्त असेल तर तो किंचित वेगाने पडायचा. त्या किंचितवरून यंत्र पाणी जोखायचं आणि सगळ्या खांबांचा हिशोब लावून धरणाचं दार स्वतःच उघडायचं, मिटायचं. सरकारी नाव जोखयंत्र. पण जाखाई-जोखाई या गावदेवींची नावं घेत वाढलेल्या बायका त्याला दुसरं काय म्हणणार? पहिल्याच उन्हाळ्यात त्याची जोखाई झाली.

आणि जोखाईने खरोखर गावं जगवली होती. मागच्या साली पाऊस पडला तो नावालाच. तरी एकाही गावाला टँकर लागला नाही.

औंदा पुन्हा पावसाने पाठ फिरवली. हे ओळीने दुसरं कोरडं साल. आणि औंदा जोखाईचं काहीतरी बिनसलं होतं.

चंद्रकलाने धरणावर फोन लावला. तिथं ईश्वरी खंदारे नावाची तरुण अभियंता होती. आवाजात कायम झोप अपुरी राहिल्याची खरखर.

"मावशी, मी पुन्हा तपासलं. सावरखेडीचं पात्र भरलंय असं यंत्र सांगतंय. तुमच्या दोन गावांमध्ये काळ्या दगडाचा तो उंबरा आहे ना?"

"हाय की. आडवा पडलाय नदीत."

"वरची परात भरली की पाणी त्या उंबऱ्यावरून खालच्या परातीत उतरतं, वाळूच्या आतून. वरचं भरलंय, म्हणजे तुमच्याकडे निघालंय. म्हणून यंत्राने दार मिटलं."

"मॅडम, निघालं आसतं तर आजवर पोचलं आसतं. गोगलगाय आली आसती चालत."

ईश्वरी हसली नाही. "मलाही तसंच वाटतंय. पण धरणात आता मृतसाठ्याच्या वर हातभर पाणी राहिलंय. त्याखालचं दारातून निघत नाही. मी मनानं दार उघडलं आणि यंत्र बरोबर निघालं, तर ते पाणी सावरखेडीच्या वाळूवर उघडं पडून उडून जाईल. खालची सगळी गावं त्याच्यावर आहेत. मला काहीतरी कारण द्या मावशी. कसलंही. मी उघडते."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर लंकाबाईने निकाल सांगितला. आठवडी बाजारापर्यंत थांबायचं. तोवर ओल आली नाही तर वेल उपटायचे, गुरं छावणीला धाडायची आणि ज्याला जिथं काम मिळेल त्याने तिथं जायचं. पार आधीच रिकामा झाल्यासारखा वाटला.

घरी येताना लंकाबाई चंद्रकलाच्या बरोबरीने चालू लागली. "उद्या माहेरी जा. भावाची मोटर कुठं लपवलीय ती हुडक. सापडली तर मला सांग. न्हाई सापडली तरी सांग."

"आन्‌ सापडल्यावर?"

"मग तुझा भाऊ तुझा, आन्‌ आमी आमचे."

दुसऱ्या दिवशी चंद्रकला नदीच्या पात्रानेच निघाली. उंबरा आला तेव्हा ती दगडावर बसली आणि त्याच्या वरच्या बाजूला वाळू उकरली. पाणी उतरत असेल तर इथं चिखल असायला हवा. वाळू भुसभुशीत होती. म्हणजे वरच कुणीतरी पाणी अडवतंय.

सावरखेडीत भाऊ दिगंबर अंगणात जाळं विणत बसला होता. बहिणीला बघून हसला. "आलीस का चोर धरायला? डोहगावानं फौजदार करून धाडली जणू."

"दादा, खरं सांग. नदीत मोटर टाकलीय का कुणी?"

"सगळी नदी फिरून बघ. मोटर घावली तर माझ्या मिशा काढ." मग हसू आवरून म्हणाला, "आमच्याही विहिरी एका जागी थांबल्यात, चंद्रे. वर येत न्हाईत. तुमच्यावानी आटल्या न्हाईत एवढंच."

ती खरोखर फिरली. मोटर नव्हती, पाइप नव्हता, कुठं ताजी खणलेली वाळू नव्हती. तिला हायसंही वाटलं आणि भीतीही वाटली, कारण चोर सापडला नाही की आळ सगळ्या गावावर जातो.

सकाळी तिला जाग आली ती कळशीच्या आवाजाने. तिची आई कडूबाई, ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन निघाली होती.

"माय, मला दे ती. कुठं चाललीस?"

"जोखाईला. चल, तू बी ये. लेक आलीय म्हणून सांगू तिला."

चंद्रकला मागोमाग गेली. नदीत सावरखेडीचा खांब उभा होता, पण तो तिला ओळखू येईना. अंगभर हळदी-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. आणि बुंध्याभोवती मोठं गोल आळं, आतून पोयट्याच्या चिखलाने लिंपलेलं, वरून दगड लावलेलं. डांगराच्या वेलाला करतात तसंच, चांगलं बैलगाडीच्या चाकाएवढं. गल्लीतल्या बायका एकामागून एक येत होत्या. कळशी आळ्यात रिकामी करून, हात जोडून परत जात होत्या.

"हे कवापासून?"

"मी तर पहिल्यापास्नं घालते, तांब्याभर. मागच्या साली तिनं गाव जगवलं, तवापास्नं सगळ्याच घालाय लागल्या. पाणी हिकडंतिकडं जायाचं, म्हणून मी आळं केलं. बुंध्याला पाणी घालायचं आन्‌ आळं न्हाई करायचं, हे कसं?"

"पण कशापायी माय? एवढ्या टंचाईत?"

कडूबाईने कळशी खाली ठेवली. "तू सासरी होतीस गं. तुझ्या दादाला वाळूनं गिळलं होतं, ते तू बघितलं न्हाईस."

चंद्रकलाने ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. मोठ्या दुष्काळात लोक पात्रात झिरे खणायचे. पाणी खाली जाईल तसा खड्डा खोल करायचा, आत उतरून वाटीने पाणी भरायचं. एक दिवस दिगंबर आत असताना झिरा ढासळला. लोकांनी हातांनी वाळू उपसली तेव्हा आधी त्याचे केस लागले, मग कपाळ, मग उघडे डोळे. तो वाचला.

"ही उभी राहिली तवापास्नं सावरखेडीचं कुणी खड्ड्यात उतरलं न्हाई," कडूबाई म्हणाली. "मी तिला तांब्याभर पाणी बी घालू नको?"

चंद्रकला खाली बसली. डांगरवाडीच्या बाईचा हात, तो आपसूकच वाळूत गेला. आळ्यात गच्च ओल, हात चिखलात रुतला. मग चार पावलं दूर जाऊन तिने पुन्हा खुपसला. कोरडी. आणखी लांब, तिथंही कोरडी.

तिने ईश्वरीला फोन लावला, खांब दाखवला, आळं दाखवलं. पलीकडून आकडे चाळल्याची खटखट ऐकू आली.

"मावशी, वस्तू जितकी जवळ, तितकी तिची ओढ जास्त," अखेर ईश्वरी बोलली. "लांबच्या तळ्यापेक्षा पायाशी साचलेल्या चार कळश्या त्याला जड लागतात. एकदम ओतल्या असत्या तर यंत्राला शंका आली असती. पण रोज थोडं थोडं, वाळूत मुरतं तसंच... त्याला वाटलं पात्र भरत आलं. मी त्याच्या आकड्यांकडे महिनाभर बघतेय. हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं."

"मग उघडा दार."

"उघडते. पण आधी ऐका. खांबाशी छेडछाड झाली तर त्या गावाचं हंगामाचं पाणी बंद, असा नियम आहे. पाणी चोरणाऱ्यांसाठी केलेला. खालच्या गावाने आमची तक्रार नाही म्हटलं तरच मला सूट देता येते. तुम्ही हे मला अजून सांगितलेलं नाही असं मी समजते. विचार करा आणि परत फोन करा."

फोन बंद झाला. चंद्रकला तशीच उभी राहिली. सांगावं तर माहेर तहानलेलं राहणार. गप्प बसावं आणि बायकांना नुसतं पाणी घालायचं थांबवावं, तर खांबाखाली मुरलेली ओल वाळायला जो वेळ लागेल त्यात डोहगाव उठून जाणार. सूट मिळणं लंकाबाईच्या हाती आणि लंकाबाई तर मोटर सापडण्याची वाट बघत बसलेली.

कडूबाईने सगळं ऐकलं होतं. "म्हंजी माझ्या पाण्यानं तुझे वेल वाळले?"

"तुला काय ठावं, माय."

"दिग्याला म्हणावं गाडी काढ. मला डोहगावला ने."

"तू कशाला? मी बोलते लंकाकाकूशी."

"तुझं ती ऐकून घेईल व्हय? तू सावरखेडीची लेक. मी तर सावरखेडीची म्हातारीच हाय, मला काय म्हणायचं ते म्हणू दे."

दिगंबरने बॅटरीची गाडी काढली. म्हातारी मधे, बहीण मागे, अशी ती वरात दुपारच्या आत लंकाबाईच्या दारात उभी राहिली. लंकाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती.

"अगं बया! चोर आणायला धाडली, तर ही आख्खं माहेर घेऊन आली."

कडूबाई ओसरीच्या कडेला टेकली. तिने आडपडदा ठेवला नाही. तांब्या सांगितला, कळश्या सांगितल्या, आळं सांगितलं. लंकाबाईचा चेहरा तापत गेला. सूप बाजूला सरलं.

"आमची पोरं हापशाला लटकत्यात आन्‌ तुमी खांबाला न्हाऊ घालता? डोस्कं हाय का गहाण टाकलंय?"

"बोल बाई. तुझं बोलणं बरोबर हाय."

"का घातलं पण? कोणी सांगितलं होतं?"

कडूबाईने दिगंबरकडे बोट केलं. "हा वाळूतून परत आला म्हणून. पुन्हा कुणाच्या लेकाला झिऱ्यात उतरायला लागू नये म्हणून."

लंकाबाईने बाजूला सारलेलं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. चंद्रकलाला तेव्हा आठवलं आणि तिने मान खाली घातली. त्याच दुष्काळात, याच नदीत, लंकाबाईचा नवरा तुळशीराम झिऱ्यात उतरला होता. त्याच्यावरची वाळू उपसायला माणसं पोचेपर्यंत उशीर झाला होता.

लंकाबाईने पदराने तोंड पुसलं.

"आमच्या बी गावात उभा हाय की खांब," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्यापुढं मी कदी हात जोडले न्हाईत. उलट शिव्या घातल्या. मालक जायच्या आधी का उभी राहिली न्हाईस, म्हणून." मग ती दिगंबरकडे बघत राहिली, त्याच्या पिकल्या केसांकडे, हसताना पडणाऱ्या सुरकुत्यांकडे. "लई म्हातारा झालास की रं."

"झालो की काकू."

"व्हय. म्हातारं व्हायला मिळालं, चांगलं झालं." तिने चंद्रकलापुढे हात पसरला. "लाव त्या पोरीला फोन. डोहगावची तक्रार न्हाई म्हणावं. थांब, मीच बोलते, तू लई गुळगुळीत बोलतीस."

दुसऱ्या दिवशी ईश्वरी स्वतः आली. यंत्राला पटवायचं तर माणसांनी मोजून दाखवावं लागत होतं. म्हणून दोन्ही गावं पात्रात उतरली आणि उंबऱ्याच्या वर, खाली, मधे झिरे खणले. पण आता लाकडी चौकटी लावून, कडेला माणसं उभी करून, आणि आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून. सावरखेडीच्या झिऱ्यात दोर डोहगावच्या माणसांनी धरला, डोहगावच्या झिऱ्यात सावरखेडीच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं. जो जवळ होता त्याने धरला. लंकाबाई कडेला उभी राहून सगळ्यांना रागावत होती. "चौकट नीट लाव रं! कुणी घाई करायची न्हाई!"

ईश्वरीने पाणी कुठं लागलं ते यंत्राला कळवलं. सावरखेडीचा खांब खोटं सांगतोय हे यंत्राने मान्य केलं, नवा हिशोब मांडला आणि फोनमधून तोच गोड आवाज आला. "सावरखेडी, डोहगाव, तुमच्यासाठी दार उघडलं आहे."

"माफी मागती का बघा," लंकाबाई म्हणाली. सगळं पात्र हसलं.

बाजाराचा दिवस आला तेव्हा डोहगावात वेल उपटायला कुणी गेलं नाही. पात्रात पाणी दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं. चंद्रकला रोज वाळूत हात घालायची. कोपर कोरडं, कोपर कोरडं, आणि मग एका सकाळी बोटांच्या टोकांना गारवा लागला. ती हात बाहेर काढेना. लंकाबाई पलीकडून बघत होती. ती तिथंच वाळूत बसली आणि तिनेही हात घातला. मग आजूबाजूच्या वाड्यांमध्ये एकेक जण गुडघ्यावर आला, आणि सगळं गाव कोपरापर्यंत वाळूत हात घालून शांत बसलं.

फळं फुगली. डांगरवाडीचा रिवाज असा की पहिलं फळ नदीला द्यायचं. औंदा डोहगावाने ठरवलं, पहिलं टरबूज सावरखेडीच्या जोखाईला. लंकाबाईने ते स्वतः डोक्यावरून नेलं. आळं आता मोडलेलं होतं, खांब धुऊन कोरडा केलेला, आणि त्याच्याभोवती लांबवर दगडांचं एक वर्तुळ आखलेलं. ईश्वरी तिथंच तपासणी करत होती.

"फळ नको काकू!" ती धावतच आली. "त्यालाही वजन असतं. दगडांच्या आत काहीच ठेवायचं नाही."

"घ्या! देवीला पाणी चालत न्हाई, फळ चालत न्हाई. उपास हाय का कडक?"

बायका हसल्या. कडूबाई हसली नाही. ती काठी टेकत ईश्वरीजवळ आली.

"मंग पोरी, तिचे उपकार मानायचे कसे? आमाला दुसरं येत न्हाई काही."

ईश्वरीने तपासणीची वही मिटली. ती खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, त्याला माणसाचंही वजन कळतं. तुम्ही जवळ जाऊन उभ्या राहिलात तर त्याच्या पोटातला तो ढग तुमच्याकडे जरासा ओढला जातो. अगदी जरासा. माणूस आलं आणि गेलं, एवढं असेल तर यंत्र ते ओळखतं आणि हिशोबातून सोडून देतं."

कडूबाईने डोळे बारीक केले. "म्हंजी मी आले, तर तिला कळतं?"

"कळतं, आजी."

"हीच कडू, दुसरी कुणी न्हाई, असं?"

"तेवढं नाही कळत. पण कुणीतरी जवळ आलंय, हे नक्की कळतं."

म्हातारीने काठी लंकाबाईच्या हातात दिली. वर्तुळाच्या दगडांवरून पाय उचलत, रिकाम्या हातांनी ती आत गेली आणि खांबापुढे उभी राहिली. ओठ हलले नाहीत, हातही जोडले नाहीत. नुसती उभी राहिली, जेवढं वजन तिच्या अंगात उरलं होतं तेवढं घेऊन. मग आली तशीच सावकाश बाहेर आली.

"झालं," ती म्हणाली. "कापा आता ते फळ."

वर्तुळाच्या बाहेर, वाळूवर, लंकाबाईने टरबूज फोडलं. पहिली फोड तिने दिगंबरच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत बघत राहिली. मग चंद्रकलाला कोपराने ढोसलं. "जा गं. तू बी उभी राहून ये जरा. मग मी जाते. मालकाचं बी सांगायचंय तिला."